कशेडीपलीकडे राहिलेला पोलंड

शिकागोत पोलिश माणसांची वस्ती एवढी मोठी आहे की तिथे पोलिश सिनेमाचा महोत्सव भरतो यात नवल काही नाही. तो 1989 साली सुरू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पोलंडमध्ये निवडणूक झाली आणि कम्युनिस्टांची सत्ता डळमळली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सिअ‍ॅटलमध्ये, असाच एक महोत्सव उभा राहिला. सिअ‍ॅटल आणि पोलंडचं ग्दिनिया बंदर ही भगिनी-शहरं. त्या मैत्रीसाठी जमलेल्या मंडळातल्या लोकांनी नोकरीधंदा सांभाळून तो चालवला. ग्दिनियाची निवडही सूचक. पोलंडचा राष्ट्रीय चित्रपट महोत्सव 1974 मध्ये शेजारच्या ग्दान्स्कला सुरू झाला आणि नंतर ग्दिनियात आला.

परमुलखात गेलेली माणसं वर्षातून एकदा आपल्या भाषेतलं काहीतरी पदरमोड करून आणतात, हे कोकणातल्या खेडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. परळचं दामोदर नाट्यगृह 1922 पासूनचं. 2023 च्या अखेरीस ते पुनर्विकासासाठी बंद झालं. मधली कित्येक दशकं खेड, दापोली, गुहागर, संगमेश्वरकडच्या मंडळांनी तिथे नमन आणि जाखडी या कोकणी लोककलांचे प्रयोग लावले. तिकीटपुस्तकं वाडीतल्या पोरांनी खपवायची, नमनातल्या संकासुराचा पोशाख गावाहून यायचा, मृदंगवाला रात्रपाळी बदलून यायचा आणि जमलेली रक्कम देवळाच्या जीर्णोद्धाराला जायची. हिशेब शेवटी वहीत लिहिला जाई आणि त्यावरून भांडणंही होत. शिकागोचा पोलिश महोत्सव आणि दामोदर हॉलमधलं नमन यांची जात एकच आहे.

महाराष्ट्रात मात्र याहून विचित्र गोष्ट घडली. पोलंडशी नात्यागोत्याचा काडीइतका संबंध नसलेल्या मराठी माणसांनी कित्येक वर्षं पोलिश, हंगेरियन, चेक सिनेमे मागवले, रिळांचे डबे उचलले, खुर्च्या मांडल्या आणि बिनपगारी दाखवले. ही फिल्म सोसायटीची चळवळ. तिच्याबद्दल आपल्याकडे बहुतेक वेळा गहिवरून लिहिलं जातं. तिची ताकद आणि तिच्या मर्यादा एकत्र ठेवून पाहायला हव्यात, विशेषतः आमच्यासारख्या ठिकाणाहून, जिथपर्यंत ती पोचलीच नाही. या चळवळीचा इतिहास वाचताना खेडचं नाव कुठे लागत नाही.

सुरुवात मराठी नाही. लंडनमध्ये 1925 साली फिल्म सोसायटी निघाली. आपल्याकडे 1947 मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. जानेवारी 1952 मध्ये मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘राशोमोन’ तेव्हा इथल्या प्रेक्षकाने प्रथम पाहिले आणि सिनेमा असाही असतो हे अनेकांच्या डोक्यात बसलं. डिसेंबर 1959 मध्ये देशातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला, अध्यक्ष राय. मुंबईत साठच्या दशकात ‘फिल्म फोरम’ आला. बासू चटर्जी, अरुण कौल ही त्यातली माणसं. कौल यांनी मृणाल सेन यांच्याबरोबर 1968 मध्ये नव्या सिनेमाचा जाहीरनामाच काढला.

त्याच 1968 मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन झालं, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने खरी गोष्ट इथे सुरू होते. तोवर मुंबईतल्या सोसायट्यांचा कारभार बहुतेक इंग्रजीत चाले. ‘प्रभात’ने दादर-परळच्या मराठी मध्यमवर्गाला हाक घातली. पत्रकार सुधीर नांदगावकर यांनी आयुष्यभर हे काम केलं. ‘प्रभात’, पुढे महासंघाचं सरचिटणीसपद, 1997 मध्ये मुंबई अकॅडमी ऑफ मूव्हिंग इमेजचा महोत्सव, 2002 मध्ये ‘थर्ड आय’ हा आशियाई चित्रपटांचा महोत्सव, या सगळ्यांत त्यांचा हात होता. 2023 च्या पहिल्याच दिवशी ते गेले. पुण्यात ‘आशय’ फिल्म क्लबने तीच परंपरा चालवली आणि 2002 पासून डॉ. जब्बार पटेल यांच्या नेतृत्वाखाली पुणे आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला.

तरी महोत्सव वेगळा आणि सोसायटी वेगळी. महोत्सवाला सरकारी अनुदान, प्रायोजक, उद्घाटनाला नट लागतात. सोसायटीला सभासद लागतात. वर्षाची वर्गणी घ्यायची, कार्ड द्यायचं, दारात कार्ड पाहून आत सोडायचं. तिकीट विकायचं नाही. या एका अटीवर सगळा डोलारा उभा होता. खेळ फक्त सभासदांपुरता असल्यामुळे सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळे. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात केंद्राला अशी सूट देता येते. करमणूक कराचाही जाच कमी होई. या सवलतीची एक बाजू जुनी माणसं हसत सांगतात: न कापलेला सिनेमा पाहायला मिळतो म्हणून सभासद झालेल्यांची संख्या काही थोडी नव्हती. युरोपियन सिनेमा म्हणजे काहीतरी उघडंवाघडं, अशी समजूत करून आलेला माणूस पडद्यावर वॉर्साच्या गटारातून सरपटणारे सैनिक पाहून काय मनःस्थितीत घरी गेला असेल, याची कल्पना करावी. तो सिनेमा पोलिश दिग्दर्शक आंद्रे वायदाचा ‘कनाल’. 1944 च्या वॉर्सा उठावातली हरलेली तुकडी गटारांतून वाट काढते, एवढीच त्याची कथा. कान महोत्सवात 1957 मध्ये त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं होतं.

पण सिनेमा पोलंडचाच का? हॉलिवूडचा का नाही? कारण साधं होतं. हॉलिवूडची प्रिंट भाड्याने मिळे, पोलंडची फुकट. समाजवादी देशांच्या वकिलाती आपल्या सिनेमांच्या प्रिंटा महासंघाला देत आणि त्या शहराशहरांतून फिरत. सोसायट्यांची गुजराण मुख्यतः त्यावर चाले. वकिलातींचा हेतू अर्थातच आपल्या राजवटीचं नाव व्हावं हा. गंमत अशी की पोलंडमध्ये सिनेमा सरकारी पैशाने निघे तरी तो सरकारच्या कह्यात राहत नसे. वूचची फिल्म शाळा 1948 ची. तिथून आंद्रे वायदा, रोमन पोलान्स्की, क्रिस्तोफ किस्लोव्स्की बाहेर पडले. पोलान्स्कीचा ‘नाइफ इन द वॉटर’ 1962 चा, कावालेरोविचचा ‘मदर जोन ऑफ द एंजल्स’ 1961 चा. वायदाच्या ‘मॅन ऑफ आयर्न’ला 1981 मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला.

यातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. ‘अ‍ॅशेस अँड डायमंड्स’ 1958 चा. महायुद्ध संपल्याची रात्र, एका गावातलं हॉटेल, जर्मनांविरुद्ध लढलेला माचेक आता एका कम्युनिस्ट पुढाऱ्याला मारण्याच्या कामगिरीवर आलेला. बारवर दारूचे पेले ओळीने मांडलेले आहेत. माचेक पेला काउंटरवरून सोबत्याकडे सरकवतो आणि एकेक पेला काडीने पेटवतो. एकेका पेल्याबरोबर एकेका मेलेल्या मित्राचं नाव येतं. पुढची गोळीबाराची दृश्यं एकवेळ विसरतील, पण हे पेले पाहिलेल्याला आठवत राहतात. ज्या पुढाऱ्याला मारायचं तोही सरळ माणूस आहे, मारणाराही सरळ आहे, आणि सिनेमा कुणाची बाजू घेत नाही. ही गुंतागुंत 1970 च्या आसपास मराठी प्रेक्षकाला मराठी किंवा हिंदी पडद्यावर क्वचितच मिळत होती. त्याच सुमाराला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’सारखं मराठी नाटक मात्र तिथवर पोचलं होतं. म्हणून नाटकवाल्यांना पोलिश सिनेमा जवळचा वाटला असावा, असा माझा कयास आहे.

आता ही प्रिंट म्हणजे काय वस्तू होती ते नीट समजून घेतल्याशिवाय चळवळ कुठे पोचली आणि कुठे अडली हे कळणार नाही. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते. दोन तासांचा सिनेमा म्हणजे पावणेअकरा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे पत्र्याच्या पेट्यांत भरलेली पाच-सहा मोठी रिळं. हे ओझं एका माणसाने बगलेत मारून न्यायचं नव्हे. शिवाय तिला थिएटरचं यंत्र आणि ऑपरेटर लागे. म्हणून सोसायट्या रविवारी सकाळी, धंद्याचे खेळ सुरू व्हायच्या आत, थिएटर भाड्याने घेत. 16 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 36 फूट, दोन तासांना सव्वाचार हजारांच्या वर थोडी. तिचा प्रोजेक्टर टेबलावर मावे, शाळेच्या वर्गातही चाले. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये स्थापन झालं. दुसऱ्या वर्षी तिथे आलेले पी. के. नायर यांनी 16 मिलिमीटरच्या प्रिंटा देशभर फिरवल्या. 1974 पासून संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांचा रसग्रहणाचा अभ्यासक्रम सुरू झाला. सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ एकेका दृश्याने उलगडून दाखवत. या वर्गातून गेलेल्या माणसांनी गावोगाव सोसायट्या चालवल्या.

चालवणारे कोण? बँकेतले, एलआयसीतले, कॉलेजातले, सरकारी कचेऱ्यांतले. एकाने पत्रव्यवहार सांभाळायचा, एकाने स्टेशनवर जाऊन पेट्या सोडवायच्या, एकाने दारात उभं राहायचं, आणि एकाने सायक्लोस्टाइलवर पानभर कथासार काढायचं. हे पान महत्त्वाचं. प्रिंटवर उपशीर्षकं इंग्रजीत असत, कधी नसतही. पडद्यावर काय चाललंय ते त्या पानावरून लावायचं. मराठीत सिनेमावर जे गंभीर लेखन झालं त्याचं मूळ मला या पानांत दिसतं. ‘प्रभात’चं ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक त्यातूनच निघालं. अशोक राणे, गुरुदत्तवरच्या पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले अरुण खोपकर, श्यामला वनारसे, पुढच्या पिढीत गणेश मतकरी ही माणसं चांगला सिनेमा पाहण्याची आणि त्यावर वाद घालण्याची सोय असलेल्या वातावरणात लिहिती झाली. चळवळीने दिग्दर्शक किती दिले यावर मतभेद होतील. वाचक आणि समीक्षक दिले यावर होऊ नयेत.

मग उतरण. ती ओटीटीने आली असं समजतात, पण ती फार आधीची आहे. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला आणि न कापलेल्या सिनेमासाठी सभासद झालेला वर्ग पहिल्या झटक्यात गेला. नंतर 1989 ते 1991 या काळात पूर्व युरोपातल्या राजवटी गेल्या आणि त्यांच्याबरोबर फुकटच्या प्रिंटाही. माझ्या मते खरा घाव हा. पोलंड स्वतंत्र झाला, शिकागोच्या पोलिश माणसांनी आनंदाने महोत्सव सुरू केला, आणि इथल्या सोसायट्यांचा पुरवठा आटला. सिनेमा वकिलातीकडून यायचा असतो अशी सवय लागलेल्या मंडळांना प्रेक्षकाकडून त्याची खरी किंमत मागायची सवयच नव्हती. जी टिकली ती स्वतःचं सभागृह, मासिक, किंवा एखादा झपाटलेला माणूस असलेली. ‘प्रभात’ त्यांतली एक.

पोलंड आणि महाराष्ट्र यांचं एक जुनं नातंही या सगळ्यात बाजूला राहिलं. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे 1943 ते 1948 या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, रशियाच्या छावण्यांतून सुटून आलेली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुराला, जिथे ‘प्रभात’ फिल्म कंपनी सुरू झाली होती, खेटून हे पोलिश गाव वसलं होतं. वायदाचे नायक ज्या पिढीचे, त्याच पिढीची मुलं पंचगंगेकाठी वाढली. हा धागा सोसायट्यांनी पुढे कधी फार ओढला नाही.

आणि कोकण? आमच्याकडे पोलिश सिनेमा का आला नाही, याचं नेहमीचं उत्तर रस्ता हे असतं. कशेडीचा घाट, पावसाळा, जगबुडी नदीचा पूर. कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली ती जानेवारी 1998 मध्ये, म्हणजे चळवळ ओसरल्यावर. रेल्वे येण्याआधी मुंबईहून यायचं ते एसटीने. हे उत्तर निम्मंच खरं आहे, कारण हिंदी सिनेमाच्या पेट्या याच घाटातून येत होत्या. शिवाय ज्याला अशा सिनेमाची ओढ लागेल असा मुलगा मॅट्रिक होऊन मुंबईला गेलेला असे. तो ‘प्रभात’चा सभासद गिरगावात किंवा दादरला होई आणि मे महिन्यात गावी येऊन आंबे खाई.

दुसरं उत्तर मला जास्त पटतं. कोकणात हौशी माणसांचा तोटा कधीच नव्हता. राज्य नाट्य स्पर्धा जुनी आणि रत्नागिरी केंद्रावर तिला नाटकं कमी पडत नाहीत. तालमीला रात्री दोन वाजेपर्यंत बसणारा शिक्षक, स्वतःच्या घरातला पलंग सेटसाठी आणणारा दुकानदार, हे सगळं इथे आहे. पण नाटक आपण करायचं असतं आणि सिनेमा हा धंदा असतो, ही वाटणी मनात पक्की होती. सिनेमाला पैसे टाकून जायचं. त्यासाठी राबायचं कशाला?

ही वाटणी मोडत होती ती एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण चळवळीच्या कुठल्याही इतिहासात नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गावात सार्वजनिक सत्यनारायण किंवा गणपती असला की वर्गणी काढून पडद्यावरचा सिनेमा आणत. शहरातून 16 मिलिमीटरचा प्रोजेक्टर भाड्याने यायचा, दोन बांबूंना पांढरं कापड ताणायचं, जनरेटर लांब खळ्यात ठेवायचा म्हणजे आवाज कमी. पुढच्या बाजूला जागा मिळाली नाही की लोक पडद्याच्या मागे बसत. तिथून नायक डाव्या हाताने मारामारी करी आणि पाट्या उलट्या वाचाव्या लागत, पण कुणाचं बिघडत नसे. रीळ बदलताना चहा फिरे. सिनेमा ‘संपूर्ण रामायण’ नाहीतर दादा कोंडके. तांत्रिक बाजूने पाहिलं तर हीच फिल्म सोसायटी: तेच यंत्र, तीच वर्गणी, तेच बिनपगारी कार्यकर्ते. फरक निवडीचा, आणि सिनेमा संपल्यावर कुणी त्यावर बोलत नसे हा.

निवडही बदलता आली असती, याचा पुरावा सह्याद्रीच्याच ओळीत आहे. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू हे लहानसं खेडं. तिथे 1949 पासून ‘नीनासम’ ही हौशी नाट्यसंस्था. के. व्ही. सुब्बण्णा हे तिचे कर्ते, सुपारीचे बागायतदार. 1973 मध्ये त्यांनी नाट्यसंस्थेलाच जोडून चित्रपट शाखा काढली. सतीश बहादूर आणि नायर तिथे येऊन शिकवून गेले. राय, डी सिका, कुरोसावा यांचे सिनेमे शेतकऱ्यांनी पाहिले आणि त्यावर कन्नडमध्ये बोलले. सुब्बण्णांना 1991 मध्ये मॅगसेसे पारितोषिक मिळालं. सुपारी आमच्याकडेही आहे, पाऊस आमच्याकडेही तेवढाच आहे, आणि नाटकाची हौस बहुधा जास्तच आहे. सुब्बण्णांनी केलं ते एवढंच की नाटकवाल्यांच्याच हातात सिनेमा दिला आणि बोलणं गावाच्या भाषेत ठेवलं. मुंबईच्या सोसायट्यांनी कोकणाकडे पाहिलं नाही हे खरं. पण आमच्या नाट्यमंडळांनीही पुण्याच्या संग्रहालयाला एक पत्र टाकून 16 मिलिमीटरची प्रिंट मागवून पाहिली नाही.

आजचं चित्र उलटं आहे. पेट्या नाहीत, घाट नाही, बोगद्यातून गाडी जाते. वायदाचे सिनेमे मोबाइलवरही सापडतात. कोकणात 2022 पासून ‘कोकण चित्रपट महोत्सव’ भरतो, सिंधुरत्न कलावंत मंचाचा. तो मराठी सिनेमाचा आणि कलाकारांच्या उपस्थितीचा सोहळा. त्यालाही जागा आहे, पण सोसायटीचं काम तो करत नाही आणि करायचा त्याचा दावाही नाही. जाहीर खेळ लावायचा तर हक्कदाराची परवानगी घ्यावी लागते आणि तिचे पैसे पडतात. दिल्लीत 2012 पासून पोलिश इन्स्टिट्यूट आहे, तिथे विचारता येतं. सभागृहाचं भाडं नाटकाला द्यावं लागतं तेवढंच.

खरी उणीव वेगळी आहे आणि ती मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांनीही कधी भरून काढली नाही. पोलिश सिनेमाला मराठी उपशीर्षकं मिळत नाहीत. प्रेक्षक इंग्रजी वाचणारा असणार असं चळवळीने गृहीत धरलं आणि न वाचणाऱ्यासाठी कथासाराचं पान काढलं. इंग्रजी वाचत वाचत दोन तास बसणं हे खेडच्या बाजारपेठेतल्या माणसाला जमणार नाही आणि जमावं असा आग्रहही धरू नये. दोन तासांच्या सिनेमाला साधारण हजारभर उपशीर्षकं लागतात. नाटकाचे संवाद घासूनपुसून घेण्याची सवय असलेल्या दोघांना हे काम एका पावसाळ्यात होण्यासारखं आहे. संगणकावर त्याला पैसे पडत नाहीत.

पहिला कुठला, असं कुणी विचारलं तर माझं मत किस्लोव्स्कीच्या ‘कॅमेरा बफ’ला, 1979 चा. फिलिप मोश हा कारखान्यातला खरेदी विभागाचा साधा कर्मचारी. मुलगी झाली म्हणून तिचं चित्रण करायला तो 8 मिलिमीटरचा कॅमेरा घेतो. साहेब म्हणतात, घेतलाच आहेस तर कारखान्याच्या वाढदिवसाचं चित्रीकरण कर. मग कारखान्यात फिल्म क्लब निघतो, हौशी महोत्सवात बक्षीस मिळतं, झानुसी हा दिग्दर्शक स्वतःच्याच भूमिकेत येऊन भाषण करून जातो, आणि फिलिपचा संसार मोडतो. साहेबांना कॅमेऱ्यात काय दिसावं आणि काय दिसू नये यावरून सुरू होणारी कटकट लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी केलेल्या कुणालाही उपशीर्षकाविना कळेल. खेळ मात्र रविवारी दुपारीच लावावा लागेल, नाहीतर दुसऱ्या पाळीवाले येणार नाहीत.